आफ्रिकेतील निद्रारोग : लक्षणे आणि निदान

काही रोगांची नावेच त्यांच्याविषयी गैरसमज निर्माण करतात. आफ्रिका खंडातील निद्रारोग हा अशा रोगांपैकी एक होय. या नावावरून रोगी सतत झोपून राहतो आणि झोप हेच या रोगाचे पहिले चिन्ह असते, अशी कल्पना होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. झोपेतील बिघाड ठळकपणे दिसू लागतो तेव्हा रोगाचे जंतू मेंदूपर्यंत पोहोचलेले असतात. त्यापूर्वीचे कित्येक महिने, क्वचित काही वर्षे, रोगी केवळ अधूनमधून येणाऱ्या तापाची, डोकेदुखीची आणि अंगदुखीची तक्रार करीत असतो. ही लक्षणे हिवतापाचीही असतात. त्यामुळे रोग अंगात असूनही ओळखला जात नाही, आणि ओळखला न गेल्यास तो बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो.

सहाराच्या दक्षिणेकडील ३६ देशांत या रोगाचा धोका आहे. १९९८ साली सुमारे ४० हजार रोग्यांची नोंद झाली होती आणि निदान न झालेले रोगी सुमारे तीन लाख असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २० वर्षांनी, २०१८ साली, वर्षभरात नोंदलेल्या रोग्यांची संख्या एक हजाराच्याही खाली आली. या रोगाविरुद्ध कोणतीही प्रतिबंधक लस उपलब्ध नसताना हा बदल घडून आला. त्यामागे नवी औषधे आणि कीटक नियंत्रण यांचा वाटा आहेच. परंतु गावोगाव जाऊन रोगी शोधणे आणि त्याचे निदान निश्चित करणे, हे या यशाचे मुख्य सूत्र राहिले आहे. या दृष्टीने निद्रारोगाच्या लक्षणांचा आणि निदानपद्धतीचा परिचय सार्वजनिक आरोग्याच्या कामाशी संबंध येणाऱ्या सर्वांना उद्बोधक ठरेल.

रोगाचे कारण आणि प्रसार

निद्रारोग ट्रिपॅनोसोम नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. गिरमिट आणि शरीर या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हा परजीवी रक्तपेशींच्या मधून गिरमिटासारखा वळवळत जाताना दिसतो. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशींच्या आत शिरतो; ट्रिपॅनोसोम मात्र पेशींच्या बाहेर, रक्तद्रवात मोकळा वावरतो.

या परजीवीचा प्रसार त्सेत्से माशीच्या दंशाने होतो. ही माशी फक्त आफ्रिकेत आढळते. नर आणि मादी दोन्ही रक्तावर जगतात व दिवसा चावतात. नदीकाठची झाडी, तळ्यांचे काठ आणि विरळ झाडांची गवताळ राने ही त्यांची वसतिस्थाने होत. साहजिकच मासेमारी, शेती, गुरे राखणे, शिकार, पाणी भरणे आणि लाकूडफाटा गोळा करणे या कामांसाठी घराबाहेर पडणाऱ्या ग्रामीण लोकांना या रोगाचा उपद्रव अधिक होतो. माशीच्या शरीरात परजीवीची वाढ पूर्ण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतर ती माशी आयुष्यभर रोग पसरवू शकते. गर्भवती मातेकडून बालकाकडेही रोग जाऊ शकतो.

माणसाला होणाऱ्या निद्रारोगाचे दोन प्रकार आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आढळणाऱ्या प्रकाराला गॅम्बियन्स म्हणतात. नोंदलेल्या रोग्यांपैकी बहुसंख्य याच प्रकाराचे असतात. हा रोग संथ गतीने वाढतो आणि त्याचा मुख्य साठा माणसातच असतो. दुसरा प्रकार पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या भागांतील ऱ्होडेसियन्स हा होय. त्याचा साठा गुरांमध्ये आणि वन्य प्राण्यांमध्ये असतो. तो झपाट्याने वाढतो व उपचार न झाल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू ओढवतो. दोन्ही प्रकार आढळणारा देश एकच, तो म्हणजे युगांडा.

शोधाची वाटचाल

रोगकारक ट्रिपॅनोसोमचा पहिला शोध भारतीय उपखंडात लागला, ही गोष्ट फारशी परिचित नाही. १८८० साली तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला सर्रा रोगाने पछाडलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात हे परजीवी आढळले. पुढे १८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस यांनी झुलुलँडमध्ये गुरांच्या नागाना रोगाचे कारण ट्रिपॅनोसोमच असल्याचे दाखवून दिले.

माणसाच्या रक्तात हा परजीवी प्रथम दिसला तो १९०१ साली गॅम्बियात. नदीवरील आगबोटीच्या एका इंग्रज कप्तानाला ताप येत होता. डॉक्टर रॉबर्ट फोर्ड यांना प्रारंभी तो हिवताप वाटला. परंतु रक्तात निराळेच जीव वळवळताना दिसले. जोसेफ डटन यांनी ते ट्रिपॅनोसोम असल्याचे ओळखले. म्हणजे या रोगाच्या पहिल्या नोंदलेल्या रोग्याच्या बाबतीतही आरंभीचा संशय हिवतापाचाच होता.

त्याच सुमारास युगांडात निद्रारोगाची भयंकर साथ चालू होती. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची गावेच्या गावे ओस पडली आणि सुमारे दोन दशकांत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. तेथे पाठविलेल्या तज्ज्ञांपैकी आल्दो कास्तेल्लानी यांना १९०२ साली रोग्यांच्या मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात ट्रिपॅनोसोम आढळले. हा रोग त्सेत्से माशी पसरविते, हे ब्रूस यांनी १९०३ साली दाखविले. गॅम्बियातील ताप आणि युगांडातील झोप हे दोन निराळे रोग नसून एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत, हे यामुळे स्पष्ट झाले. निदानाची आजची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली अवस्था : रक्त आणि ग्रंथी

माशी चावल्यानंतर काही दिवसांनी त्या जागी लालसर, दुखरी गाठ किंवा व्रण उठू शकतो. पूर्व आफ्रिकी प्रकारात हे चिन्ह बरेच वेळा दिसते. पश्चिम आफ्रिकी प्रकारात ते क्वचित आढळते आणि दिसले तरी साध्या कीटकदंशासारखे वाटून विसरले जाते.

यानंतर परजीवी रक्तात आणि लसिका ग्रंथींत वाढू लागतात. ताप येतो, काही दिवस राहतो, उतरतो आणि पुन्हा येतो. ताप असा चढउतार का करतो, यामागे परजीवीची विलक्षण युक्ती आहे. ट्रिपॅनोसोमच्या शरीरावर एका प्रथिनाचे दाट आवरण असते. रोग्याचे शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते व बहुतेक परजीवी मारले जातात. परंतु काही थोड्या परजीवींनी तोवर आवरण बदललेले असते. जुनी प्रतिपिंडे त्यांना ओळखत नाहीत. ते वाढतात, ताप पुन्हा चढतो आणि शरीराला नव्याने लढा द्यावा लागतो. अशा आवरणांसाठी लागणाऱ्या जनुकांचा मोठा साठा परजीवीजवळ असतो. या रोगाविरुद्ध लस तयार होऊ शकली नाही, त्याचे प्रमुख कारणही हेच होय. तापाच्या दोन चढांमधील काळात रक्तातील परजीवींची संख्या अगदी कमी होते. त्या दिवशी रक्त तपासल्यास काहीच न सापडण्याचा संभव असतो, हे निदान करणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

तापाबरोबर डोकेदुखी, सांधेदुखी, अशक्तपणा, वजनातील घट आणि अंगाला सुटणारी खाज ही लक्षणे दिसतात. काहींच्या चेहऱ्यावर सूज येते. मानेच्या मागील बाजूस लसिका ग्रंथी वाढणे हे पश्चिम आफ्रिकी प्रकाराचे महत्त्वाचे चिन्ह होय. या गाठी रबरासारख्या मऊ, हलणाऱ्या आणि सहसा न दुखणाऱ्या असतात. थॉमस विंटरबॉटम या इंग्रज वैद्याने १८०३ साली त्यांचे वर्णन केले आणि आजही हे चिन्ह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मानेला अशा गाठी असलेल्या माणसांना गुलामांचे व्यापारी विकत घेत नसत, अशी नोंद त्यांनी केली आहे. रोगाचे कारण कळण्याच्या शंभर वर्षे आधी त्याची खूण मात्र बाजारात माहीत झालेली होती. मात्र प्रत्येक रोग्यात या गाठी असतातच असे नाही. म्हणून त्या नसल्यास रोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पश्चिम आफ्रिकी प्रकारात ही अवस्था महिनोन्महिने, कित्येकदा वर्षाहूनही अधिक काळ टिकते. रोगी हिंडताफिरता असतो, शेतावर जातो आणि त्याच काळात त्याच्या रक्तातून माश्यांना परजीवी मिळत राहतो.

दुसरी अवस्था : मेंदूवरील आघात

परजीवी मेंदूत प्रवेश करतात तेव्हा रोगाची दुसरी अवस्था सुरू होते. या अवस्थेत झोपेचे वेळापत्रकच विस्कटते. रोगी दिवसा बोलता बोलता, जेवता जेवता झोपी जातो आणि रात्री मात्र टक्क जागा राहतो. रोग्यांच्या झोपेची शास्त्रीय मोजणी करणाऱ्यांना असे आढळले आहे की, चोवीस तासांतील एकूण झोप फारशी वाढलेली नसते. दिवस आणि रात्र यांतील तिची विभागणी बिघडलेली असते. म्हणून ‘झोप फार येते का?’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. ‘रात्री झोप लागते का?’ हेही विचारणे आवश्यक ठरते.

झोपेइतकीच, किंबहुना काही वेळा तिच्याही आधी, जाणवणारी लक्षणे मनाची आणि वर्तनाची असतात. शांत माणूस चिडखोर होतो, बोलका माणूस अबोल होतो. भ्रम, असंबद्ध बोलणे, कामातील दुर्लक्ष, विनाकारण रडणे किंवा आक्रमक होणे असे प्रकार घडतात. अशा रोग्यांना वेडे ठरवून कोंडून ठेवल्याची किंवा मनोरुग्णालयात पाठविल्याची उदाहरणे आहेत. घरच्या माणसांना जाणवलेला हा स्वभावातील बदल तपासणाऱ्याला रोग्याच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. शाळकरी मुलगा वर्गात पेंगू लागला आणि अभ्यासात एकाएकी मागे पडला, तर रोगग्रस्त प्रदेशातील शिक्षकाला ती सूचना असू शकते.

हातापायांना कंप सुटणे, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, स्नायू ताठरणे अशी मज्जासंस्थेची लक्षणेही दिसू लागतात. किरकोळ धक्क्यानेही हाडाला असह्य व थोड्या उशिराने जाणवणाऱ्या वेदना होणे हे आणखी एक चिन्ह होय. केरांदेल या फ्रेंच डॉक्टरांना स्वतःला हा रोग झाला असताना त्यांनी या वेदनेचे वर्णन केले. स्त्रियांमध्ये मासिक पाळी बंद होणे व गर्भपात, तर पुरुषांमध्ये नपुंसकत्व असे परिणाम आढळतात. शेवटी रोगी खंगत जातो, त्याला गुंगी येते आणि बेशुद्धावस्थेत त्याचा अंत होतो. पश्चिम आफ्रिकी प्रकारात संसर्गापासून मृत्यूपर्यंतचा काळ सरासरीने तीन वर्षांचा मानला जातो.

निदानाची पहिली पायरी : चाळणी

वरील कोणतेही एक लक्षण केवळ निद्रारोगाचेच असे नाही. म्हणून लक्षणांवरून संशय घ्यावयाचा आणि चाचणीने निर्णय करावयाचा, असा नियम आहे. पश्चिम आफ्रिकी प्रकाराच्या निदानाच्या तीन पायऱ्या ठरून गेल्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे सर्व गावकऱ्यांची चाळणी. यासाठी १९७८ साली पुठ्ठ्याच्या पत्रिकेवरील एक सोपी चाचणी उपलब्ध झाली. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताचा थेंब पांढऱ्या पत्रिकेवर ठेवून त्यात निळ्या रंगाने रंगविलेले मृत ट्रिपॅनोसोम मिसळतात आणि पत्रिका पाच मिनिटे फिरती ठेवतात. रक्तात प्रतिपिंडे असल्यास निळे परजीवी एकमेकांना चिकटतात व त्यांच्या गुठळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. या चाचणीला वीज व शीतपेटीची सोय लागते. अलीकडच्या काळात, २०१० नंतर, त्याशिवाय चालणाऱ्या व सुमारे पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्टी चाचण्या आल्या. त्यामुळे दुर्गम भागातील लहान आरोग्य केंद्रांतही चाळणी करता येऊ लागली.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. हा फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या भागात १० हजार लोक आहेत व त्यांत खरा रोगी एकच आहे, असे समजू. चाचणीने शंभर निरोगी माणसांपैकी दोघांना चुकून संशयित ठरविले, तरी संशयितांची संख्या सुमारे २०० होईल आणि त्यांतील खरा रोगी एकच असेल. रोग जसजसा दुर्मिळ होत जातो, तसतसे चाळणीत सापडणाऱ्यांमध्ये निरोगी माणसांचे प्रमाण वाढत जाते. यास्तव दुसरी पायरी अनिवार्य ठरते.

दुसरी पायरी : परजीवीचा प्रत्यक्ष शोध

दुसऱ्या पायरीत परजीवी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला जातो. मानेत गाठी असल्यास तीतून सुईने थोडा द्रव काढून तो ताबडतोब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जिवंत परजीवी हलताना दिसल्यास निदान निश्चित होते. गाठी नसल्यास रक्त तपासावे लागते. परंतु पश्चिम आफ्रिकी प्रकारात रक्तातील परजीवी इतके विरळ असतात की, साध्या काचपट्टीवर ते बहुधा सापडत नाहीत. म्हणून रक्त केशनलिकेत भरून वेगाने फिरवितात. असे केल्याने तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि परजीवी पांढऱ्या पेशींच्या पातळ थराजवळ गोळा होतात. त्याहून अधिक संवेदनक्षम पद्धतीत रक्त एका खास स्तंभातून गाळले जाते. विद्युतभारामुळे रक्तपेशी स्तंभात अडकतात, परजीवी खाली उतरतात व मग ते तळाशी गोळा करून पाहतात. १९७० च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धती आजही क्षेत्रीय पथकांच्या उपयोगी पडत आहेत.

पूर्व आफ्रिकी प्रकाराची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याच्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची सोयीस्कर चाळणी चाचणी नाही. मात्र रक्तात परजीवी विपुल असल्याने हिवतापासाठी घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवरही ते दिसून येतात. येथे एक नवी अडचण उद्भवली आहे. हिवतापाचे निदान पट्टी चाचणीने करण्याची पद्धत सर्वत्र रूढ होत असल्याने सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहण्याचे प्रमाण कमी झाले आहे. पट्टी हिवताप आहे की नाही एवढेच सांगते. तज्ज्ञ डोळ्याला काचपट्टीवर अवचित दिसणारा दुसरा परजीवी तिला दिसत नाही.

तिसरी पायरी : अवस्थेचा निर्णय

परजीवी सापडल्यानंतर तो मेंदूपर्यंत पोहोचला आहे काय, हे ठरवावे लागते. यासाठी कमरेच्या मणक्यांमध्ये सुई घालून, ज्याला बोलीभाषेत पाठीतले पाणी म्हणतात, तो द्रव काढतात. त्यात ट्रिपॅनोसोम आढळल्यास, किंवा एका घनमिलिमीटरमध्ये पाचपेक्षा अधिक पांढऱ्या पेशी असल्यास, रोग दुसऱ्या अवस्थेत असल्याचे मानले जाते.

या परीक्षेला एवढे महत्त्व प्राप्त झाले ते औषधांमुळे. पहिल्या अवस्थेत उपयोगी पडणारी पेंटामिडीन व सुरामिन ही औषधे दुसऱ्या अवस्थेत पुरेशी ठरत नाहीत. दुसऱ्या अवस्थेसाठी १९४९ पासून मेलार्सोप्रोल हे सोमलयुक्त औषध वापरात आले. ते मेंदूपर्यंत पोहोचत असे. परंतु ते घेणाऱ्या शंभर रोग्यांपैकी सुमारे पाच जण औषधाच्याच दुष्परिणामाने दगावत. अशा परिस्थितीत चुकीचे निदान दोन्ही बाजूंनी घातक होते. अवस्था कमी लेखली तर रोग मारणार आणि जास्त लेखली तर औषध मारणार, असा पेच होता. पाठीतून पाणी काढून घेण्याची लोकांना भीती वाटे आणि त्यामुळे अनेक जण पथक गावात आले की तपासणी टाळत, हेही नमूद केले पाहिजे.

हा पेच क्रमाने सुटत गेला. १९९० साली एफ्लॉर्निथीन हे तुलनेने निर्धोक औषध मान्य झाले. २००९ पासून त्याच्या जोडीला निफुर्टिमॉक्स देऊन उपचारांचा काळ कमी करण्यात आला. फेक्सिनिडाझोल या तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांना २०१८ साली युरोपीय औषध संस्थेने अनुकूल अभिप्राय दिला. या गोळ्या दहा दिवस घ्यावयाच्या असून त्या पश्चिम आफ्रिकी प्रकाराच्या दोन्ही अवस्थांत चालतात. मज्जासंस्थेवर तीव्र आघात झालेला असल्यास मात्र जुनीच पद्धत अवलंबावी लागते. या गोळ्यांमुळे, मेंदूवर तीव्र परिणाम झाल्याची चिन्हे नसलेल्या पात्र रोग्यांच्या पाठीत सुई टोचण्याची गरज उरली नाही. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने पूर्व आफ्रिकी प्रकारासाठीही या औषधाचा समावेश आपल्या मार्गदर्शनात केला.

शोध थांबला की रोग परततो

रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता दवाखान्यानेच गावात जावे, हे तत्त्व १९२० च्या दशकात यूजेन जामो या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी कॅमेरूनमध्ये मोठ्या प्रमाणावर अमलात आणले. त्यांची फिरती पथके गावातील सर्व लोकांना एकत्र करून माना तपासत, गाठींतील द्रव व रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि रोग्यांवर तेथेच उपचार सुरू करीत. ही पद्धत इतर प्रदेशांतही स्वीकारली गेली. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साऱ्या आफ्रिकेत वर्षाला पाच हजारांहून कमी रोगी नोंदले जाऊ लागले.

रोग संपल्यासारखा वाटला आणि तेथेच चूक झाली. नवस्वतंत्र राष्ट्रांपुढे इतर निकडीचे प्रश्न होते, अनेक देशांत यादवी युद्धे पेटली, पथके मोडली आणि तपासणी थांबली. १९७० पासून रोग पुन्हा वाढू लागला व १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याने वर उल्लेखिलेली भयावह संख्या गाठली. भारतातील वाचकांना या घटनाक्रमात नवल वाटू नये. हिवतापाच्या रोग्यांची देशातील नोंद १९६० च्या दशकाच्या आरंभी एक लाखाच्या आत आली होती आणि १९७६ साली ती ६० लाखांच्या वर गेली. संख्या कमी होणे आणि रोग संपणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा दोन्ही खंडांना सारख्याच किमतीत शिकावा लागला.

त्यानंतर पथके पुन्हा उभी राहिली. २००१ पासून औषध उत्पादकांच्या सहकार्याने जागतिक आरोग्य संघटना ही औषधे विनामूल्य पुरवीत आहे. त्सेत्से माशी निळ्या रंगाकडे आकर्षित होते, या गुणधर्माचा उपयोग करून नदीकाठी कीटकनाशक लावलेल्या निळ्या कापडाचे लहान फलक उभारण्यात आले. २००९ साली नोंदलेले रोगी दहा हजारांच्या खाली गेले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून गॅम्बियन्स रोगाचे निर्मूलन झाल्याची मान्यता प्रथम टोगोला २०२० साली मिळाली. त्यानंतर बेनिन, आयव्हरी कोस्ट, युगांडा, इक्वेटोरियल गिनी, घाना आणि चाड यांना, तर २०२५ साली गिनीला अशी मान्यता मिळाली. ऱ्होडेसियन्स प्रकारासाठी रवांडाला २०२२ साली मान्यता मिळाली असून २०२५ साली केनियाचेही नाव निर्मूलन झालेल्या देशांत आले. सर्वाधिक रोगी काँगो लोकशाही प्रजासत्ताकात नोंदले जात आले आहेत. २०३० पर्यंत गॅम्बियन्स प्रकाराचा प्रसार पूर्णपणे थांबविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

महाराष्ट्रातील एक नोंद

त्सेत्से माशी भारतात नाही, त्यामुळे आफ्रिकी निद्रारोगाचा येथे प्रसार होत नाही. तथापि, ट्रिपॅनोसोम महाराष्ट्राला सर्वस्वी परका नाही. इव्हान्स यांनी शोधलेला सर्रा रोगाचा परजीवी आपल्याकडील घोडे, उंट, म्हशी व गुरे यांना होतो आणि जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरतो. माणसाला त्याची बाधा होत नाही, असा समज होता. माणसाच्या रक्तातील एक विशिष्ट प्रथिन या परजीवीला मारून टाकते, हे त्याचे कारण होय. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या दोन्ही परजीवींनी या प्रथिनावर मात करण्याचे मार्ग मिळविले आहेत. सर्राच्या परजीवीजवळ ते नाहीत.

२००५ साली वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीने या समजाला अपवाद असल्याचे दाखवून दिले. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला काही महिने ताप येत-जात होता. त्याच्या रक्ताची काचपट्टी पाहताना सर्राचे ट्रिपॅनोसोम दिसून आले. जखमेतून जनावराच्या रक्ताचा संपर्क आल्याने हा संसर्ग झाला असावा, असे अनुमान करण्यात आले. पाठीतील पाणी तपासले असता मेंदूला बाधा नसल्याचे आढळले आणि सुरामिनच्या उपचाराने तो बरा झाला. त्याच्या रक्तात ते संरक्षक प्रथिनच नव्हते, असे पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. परिसरातील अठराशेवर लोकांच्या रक्ताची पाहणी करण्यात आली. त्यात आणखी कोणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. संशय, परजीवीचा प्रत्यक्ष शोध, अवस्थेचा निर्णय आणि भोवतालच्या लोकांची तपासणी हा आफ्रिकेत रूढ झालेला क्रमच येथे उपयोगी पडला.

पूर्व आफ्रिकेतील अभयारण्ये पाहण्यासाठी किंवा उद्योगव्यवसायानिमित्त तिकडे जाणाऱ्यांच्या बाबतीतही हे ज्ञान उपयुक्त आहे. तेथून परतल्यानंतर ताप येत असेल, अंगावर दंशाची दुखरी गाठ असेल आणि हिवतापाची चाचणी नकारात्मक असेल, तर प्रवासाची हकिकत डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे व रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले पाहिजे.

निष्कर्ष

निद्रारोगाच्या इतिहासात औषधांचा, प्रयोगशाळांचा आणि शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. परंतु रोग्याला प्रथम हेरणारा बहुधा यांपैकी कोणी नसतो. मुलगा वर्गात पेंगतो, हे शिक्षकाच्या लक्षात येते. नवऱ्याचा स्वभाव बदलला, हे पत्नीला जाणवते. पथक येणार असल्याची वर्दी गावाला देऊन सर्वांना तपासणीसाठी एकत्र आणण्याचे काम गावचा प्रमुख करतो. रोगी हजारांनी होते तेव्हा ही दक्षता जितकी आवश्यक होती, त्यापेक्षा ते मोजके उरले असताना ती अधिक आवश्यक आहे. कारण शेवटचा रोगी शोधणे हेच सर्वांत अवघड काम असते, आणि तो सापडेपर्यंत नदीकाठची माशी त्याच्याकडून परजीवी घेऊन पुढच्या माणसापर्यंत जातच राहते.